बेळगावहून समुद्रात गरवायला: तळाच्या माशांचा एक दिवस

घटप्रभेत नाहीतर मलप्रभेत गळ टाकून हात बसलेल्या माणसाला समुद्रात पहिल्याच तासात एक अडचण येते. गळ तळाला टेकला की नाही, हेच कळत नाही. नदीत बूच डोळ्यांसमोर असतं. इथे खाली पंधरा-वीस मीटर पाणी, वर डुलणारी होडी आणि मधे प्रवाह. सगळं बोटालाच कळावं लागतं. तांबोशी, गोबरा, राणे हे मासे खडप (पाण्याखालचे खडक) आणि तळ सोडून फारसे वर येत नाहीत. आमिष दोन मीटर वर लोंबत राहिलं तर दिवस फुकट जातो.

दिवस निवडताना पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो, दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं तळाला ठरत नाही. नवख्यांनी अष्टमी-नवमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असणारे दिवस, धरावा. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, त्यानंतरही समुद्र निवळायला वेळ लागतो. ऑक्टोबरपासून पुढे बरं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असेपर्यंत पाणी शांत असतं, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा वाढतात. म्हणून उजाडताच होडी सुटली पाहिजे, आणि त्यासाठी मुक्काम आदल्या रात्रीच किनाऱ्यावर हवा. बेळगावकरांना आंबोली-सावंतवाडीमार्गे वेंगुर्ला किंवा मालवण, संकेश्वर-निपाणीकरांना आजऱ्यावरून आंबोली, खानापूरकरांना रामनगर-जोयडामार्गे कारवार सोयीचं. पहाटे घाटाची वळणं घेऊन थेट होडीत चढणाऱ्याला हमखास मळमळतं.

होडी ठरवताना तांडेलाशी (होडी चालवणाऱ्या प्रमुखाशी) चार गोष्टी आधीच बोला: तास जेटीपासून मोजायचे की जागेवर पोचल्यापासून, आमिष आणि बर्फ कोणाचा, मासळी कोणाची, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्याचा गाभा आहे. तिथे मासेमारीला मनाई आहे; तांडेल नेतो म्हणाला तरी नको म्हणा.

आता बांधणी. सहा-सात फुटी दणकट रॉड, 4000-5000 मापाचं रीळ, त्यावर 30 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. पुढे 0.60 मिमी तंगूस (नायलॉनची दोरी) सव्वा मीटर घ्या. वरच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे फिरणारी कडी. मधे साधारण 40 सेंमी अंतर ठेवून दोन फासे काढा, प्रत्येक फासा बोटाएवढा लांब. त्यांत 1/0 ते 3/0 मापाचे सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेले गळ. फासा याहून लांब ठेवला की तो मुख्य दोरीला गुंडाळतो आणि आमिष गोळा होऊन बसतं. खालच्या टोकाला शिसं बांधताना मुद्दाम बारीक, 0.40 मिमी तंगूस वापरा. खडपात अडकतं ते शिसं. बारीक दोरी तुटली की फक्त तेच जातं, गळ आणि मासा हातात राहतात. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापून तिथेच कमजोर होते.

शिसं पंधरा मीटर पाण्यात, प्रवाह मंद असेल तर 80-100 ग्रॅम. ओढ वाढली की 150 किंवा 200. दोरी फार तिरकी जायला लागली की वजन वाढवायची वेळ झाली. एका होडीत सगळ्यांनी सारखंच वजन लावावं. हलकं शिसं वाहत जाऊन शेजाऱ्याच्या दोरीत गुंततं आणि अर्धा तास सोडवण्यात जातो.

आमिष जेटीवर ताजं घ्या: कोळंबी, बांगड्याचे तुकडे, म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) पट्ट्या. म्हाकूल चिवट, बारक्या माशांनी टोचलं तरी गळावर टिकतं. गळाचं टोक उघडं राहू द्या.

रिळावर बोट ठेवून शिसं सोडा. दोरी एकदम सैल पडली की तळ लागला. एक-दोन वेढे गुंडाळून दोरी ताठ करा आणि दर अर्ध्या मिनिटाने शिसं वीतभर उचलून पुन्हा टेकवा. टक् जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर होडी सरकली आहे, आणखी दोरी सोडा. चावा आल्यावर नदीतल्यासारखा झटका देऊ नका. सर्कल हुक झटक्याने तोंडातून निसटतो. दोरी जड होईपर्यंत थांबा आणि सरळ गुंडाळत राहा, तो जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. गोबरा मात्र लागताच दोन मीटर वर ओढा, नाहीतर तो कपारीत शिरतो. शिसं अडकलं तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा.

शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची शेपटी यांना हात लावायचा नाही, पक्कडीनेच गळ काढा. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. फुगणारा केंड पाण्यात सोडून द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्या, मळमळल्यावर तिचा उपयोग नाही. उपाशी जाऊ नका, तेलकटही नको.

मासा आला की लगेच बर्फात. फोडलेला बर्फ दोन भाग, समुद्राचं पाणी एक भाग. या गारेगार पाण्यात मासा नुसत्या बर्फापेक्षा लवकर थंड होतो. परतताना आतडी काढून समुद्राच्याच पाण्याने धुवा, जेटीवर पेटीतलं पाणी ओतून टाका आणि माशाच्या वजनाइतका नवा बर्फ थर देऊन भरा. पोटाच्या पोकळीतही बर्फ घाला. आंबोलीत चहाला थांबलात तर पेटी सावलीत ठेवा, झाकण घरी पोचल्यावरच उघडा.