केल्टिक स्टेटरवरचा मुलामा कसा ओळखावा

स्टेटर, म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांचं सोन्याचं नाणं, हातात आलं की बहुतेक जण आधी त्यावरचा घोडा बघतात. मी कड बघतो. बनावट स्टेटर म्हणजे तांब्याच्या किंवा कांस्याच्या चकतीवर सोन्याचा पातळ थर. वरून कीर्तन, आतून तमाशा. हा थर आधी फाटतो तो कडेला आणि घोड्याच्या खांद्यासारख्या उंच भागांवर. भिंगाखाली तिथे थराची तुटकी किनार आणि खालून फुटून आलेला हिरवा गंज दिसला, तर अर्धं काम झालं.

मग वजन. कॅम्युलोडुनमला, म्हणजे इंग्लंडमधल्या आजच्या कोलचेस्टरला, राजा क्युनोबेलिनने पाडलेला स्टेटर (एका बाजूला कणीस, दुसरीकडे घोडा) साधारण 5.4 ग्रॅम भरतो. 4.5 भरला की माझ्या कपाळाला आठी पडते. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, खरं नाणंही झिजतं.

खरी साक्ष पाणी देतं. काटा निदान 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. नाणं कोरडं तोला. मग काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात लोंबतं धरा. ते तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. आता काटा दाखवेल त्या आकड्याने कोरडं वजन भागा, येईल ती नाण्याची घनता. 5.4 भागिले 0.45 म्हणजे 12: ठीक, कारण क्युनोबेलिनच्या सोन्यात चांदी-तांबं भरपूर असतं. 4.5 भागिले 0.49 म्हणजे 9.2: हे जवळपास तांबंच, त्याची घनता 8.96.

इथे एक गल्लत होते. हिणकस म्हणजे खोटं नव्हे. ड्युरोट्रिजेस टोळीचे स्टेटर चांदीवरून घसरत कांस्यावर आले. ते हीण आरपार असतं, मुलामा फक्त वरवर.

मुलामा निघाला म्हणून नाणं टाकू नका. थराखालचा जुना गंज हे ते आजकालचं नसल्याचं चांगलं लक्षण आहे. इंग्लंडमधल्या हेलिंग बेटावरच्या मंदिराच्या जागी अशी नाणी बरीच मिळाली. देवालाही गंडवलं, की वाहण्यासाठी मुद्दामच स्वस्तातली पाडली? मला दुसरं जास्त पटतं.

कानस, आम्ल, पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. चाचणीनंतर नाणं पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत ठेवा. ओल लागली की गंज वाढतो आणि थराला आतून ढकलतो. पापुद्रा आधीच सुटत असेल, तर पाण्याच्या वाटेला जाऊच नका, भिंगावरच थांबा.