गहू बंद करायचाय? आधी गिरणी बघा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माझी पिठाची गिरणी आहे, २२ वर्षं झाली. दिवसभर अंगावर पीठ, भुवयांत पीठ, कानाच्या पाळीत पीठ. आणि थोरल्या लेकीला सिलियाक, म्हणजे गव्हाचा कणही चालत नाही. देवाला अशा जोड्या लावायला कसं सुचतं कोण जाणे.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा कळलं. वय वाढत होतं, उंची वाढत नव्हती. पोट फुगलेलं, तोंड पांढरंफटक. दोन वर्षं जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या झाल्या. मग बेळगावात पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी (सिलियाक ओळखायची) तपासणी करायला लावली आणि दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. गहू, सातू (बार्ली) आणि राय (हे परदेशी धान्य, मोहरी नव्हे) या तीन धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलियाकवाल्याचं शरीर त्यावर चवताळतं आणि आपल्याच आतड्याची आतली लव खाऊन टाकतं. लव गेली की खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच, ग्लुटेन जन्मभर बंद.

आता पहिली सूचना, कारण इथंच लोक चुकतात. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रक्तातला आकडा उतरतो, आतडं सावरायला लागतं आणि निदान हुकतं. निदान झालं की आईबाप आणि भावंडांचीही रक्ततपासणी करून घ्या, हे घराण्यातून येतं. आमच्या धाकट्याची केली, त्याला नाही.

खायचं काय, हा प्रश्न आपल्या भागात मुळात अवघड नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राळे, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळं. खानापुरात तांदळाची भाकरी आणि नाचणीचं आंबील, चिकोडी-निपाणीकडं शाळूची भाकरी, म्हणजे आपलं मूळचं जेवणच चालतं. चपाती रोजच्या ताटात आली ती फार जुनी गोष्ट नाही, माझी आजी तिला सणाचा पदार्थ म्हणायची. दूध मात्र पहिले काही महिने काहींना पचत नाही, लव सावरली की पुन्हा चालतं. आमच्या पोरीला तोवर दह्यावर भागवलं. शरीरात लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व कमी झालेलं असतं, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

बंद काय, तर गव्हाचं जे जे रूप आहे ते सगळं: कणीक, रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, खारी, बिस्किट. उप्पीट बंद, शिरा बंद, होळगी म्हणजे पुरणपोळी, तीही बंद. आपले मांडे रवा-मैद्याचेच, तेही बंद. उन्हाळी वाळवणातली कुरडई लोक विसरतात, ती गव्हाच्या चिकाची. तांदळाचे आणि साबुदाण्याचे पापड चालतात.

खपली गव्हाचं वेगळं सांगतो, कारण आमच्या गिरणीत आठवड्याला एक तरी माणूस हे ऐकवतो: "खपली हलकी असत्या, तिला द्या की." खपली साखरेच्या पेशंटला बरी पडते की नाही, तो वाद तुम्ही घाला. सिलियाकला ती गहूच. खपलीची हुग्गी, म्हणजे खीर, कितीही गोड लागू दे. कानडीत गव्हाला गोधी म्हणतात, ज्याच्या नावात गोधी, ते सगळं नको, एवढं पाठ करा. नावांचा आणखी घोळ होतो तो असा: सातू म्हणजे जव, तो बंद. पण पाकिटातलं सत्तू बहुतेक भाजलेल्या हरभऱ्याचं असतं, त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि जवस वेगळं, त्याची चटणी खुशाल खा.

इथवर आम्ही सगळं पाळलं. आठ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा उतरला होता, पण डॉक्टरांना हवा तेवढा नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, गिरणी. ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या मनगटावर तेव्हाही पीठ होतं.

गिरणीत काय होतं ते मीच सांगतो, कारण कुठला गिरणीवाला आपणहून सांगणार नाही. गव्हाचं दळण संपलं की दोन दगडांच्या मध्ये, कडेच्या पत्र्यात आणि खालच्या नळीच्या कापडात पीठ अडकून राहतं. हाताने झाडलं तर माझ्या गिरणीत मूठभर सहज निघतं. त्याच्यावर तुमची ज्वारी पडते आणि ती मूठ तुमच्या डब्यात जाते. आता हिशेब करा. ग्लुटेन फ्री म्हणून विकायचं तर आपल्याकडच्या कायद्यात एका किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी हद्द ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीत नीट धरताही येत नाही. मी मूठभर मिसळत होतो, स्वतःच्या पोरीच्या भाकरीत, आणि बायकोला विचारत होतो, तू चुकून काही घातलंस का.

खरं तर शिस्त आम्हाला माहीत होती. एकादशी, महाशिवरात्र आली की बायका वरी-राजगिरा घेऊन येतात आणि विचारतात, "आधी काय दळलंस रे?" उपासाचं दळण म्हणून आम्ही दगड झाडतो, एक शेर वरी पहिली घालून ती बाजूला काढतो, मग बाकीची घेतो. देवासाठी हे मुकाट्यानं करतो. पण सिलियाकला तेवढ्यानंही भागत नाही, कारण गिरणीच्या हवेतच कणीक असते. शेवटी छोटी घरघंटी घेतली आणि ती मागच्या खोलीत ठेवली. तिच्यात गहू कधीच पडलेला नाही. ज्यांना घरघंटी परवडत नाही त्यांनी मिक्सरला दोन दोन वाट्या दळावं, भाकरी जरा भरड होते पण होते. मी घरात शिरताना अंगावरचे कपडे परसातच काढतो, हातपाय धुतो, मगच आत. पुढच्या तपासणीत आकडा उतरला.

धान्य दळायच्या आधी परातीत पसरून निवडा. बाजाराची ज्वारी ज्या पोत्यात येते त्यात आदल्या हंगामात गहू भरलेला असू शकतो. ज्वारी गोल, गहू लांबट आणि पोटावर चीर, डोळ्याला लगेच कळतो. पाच किलोत चार-पाच दाणे आम्हाला हमखास सापडतात. निवडून, धुऊन, वाळवून मग दळा.

स्वयंपाकघरात तिची चाळण वेगळी घ्या. हे सगळ्यात आधी, कारण जाळीत अडकलेलं पीठ कितीही आपटा, निघत नाही. त्यानंतर पोळपाट-लाटणं, परात आणि तवा. चपातीच्या तव्यावर भाकरी टाकू नका. तिची भाकरी आधी थापा, चपात्या नंतर. तळणाचं तेलही वेगळं, पुऱ्या तळलेल्या तेलातले तिला काही देऊ नका.

लपलेला गहू हे खरं दुखणं. सगळ्यात चोर म्हणजे हिंग. डबीतल्या हिंगात खरा हिंग थोडा, बाकी मैदा नाही तर तांदळाचं पीठ. डबीवर काय लिहिलंय ते वाचा, सुटा घेऊ नका, नाहीतर हिंगच सोडा, आमटी लसणावर छान होते. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, घरी गव्हाशिवाय करा. दुधात घालायच्या पावडरींत जवाचं माल्ट, मक्याच्या फ्लेक्समध्येही माल्ट, सोया सॉसमध्ये गहू. म्हणून गाड्यावरचं गोबी मंचुरियन दोनदा बंद, एकदा मैद्यासाठी, एकदा सॉससाठी. पाकिटावर ॲलर्जीची सूचना इंग्रजीत बारीक अक्षरांत असते, गहू, बार्ली, राय, ओट्स यांची नावं तिथं द्यावीच लागतात. हिरवा ठिपका बघून फसू नका, तो फक्त शाकाहारी सांगतो. ओट्सबरोबर गहू मिसळलेला असतो, डॉक्टर सांगेपर्यंत राहू दे. ग्लुटेन फ्री बिस्किटं अधूनमधून ठीक, पण महाग, आणि आत बहुतेक स्टार्च नि साखर.

गोडाचं म्हणाल तर गोकाकचा करदंट डिंक, सुकामेवा नि गुळाचा, कुंदा दुधाचा. दोन्ही आमच्याकडं चालतात, पण दुकानदाराला विचारून, कारण त्याच कढईत शिरा होतो का ते कळत नाही. सत्यनारायणाला आम्ही तांदळाच्या रव्याचा शिरा करतो. भटजी काही बोलले नाहीत, दोन वाट्या मागून घेतल्या.

खानावळीत "ज्वारीचीच काय?" विचारून भागत नाही. रोट्टी पातळ व्हावी म्हणून कणीक घालता का, तवा एकच का, हे विचारा. कानडीत "गोधी हिट्टु हाक्तीरा?" (गव्हाचं पीठ घालता का?) म्हटलं की भाकरी थापणारी बाई खरं सांगते, मालक नाही. डोसा-इडली बहुतेक ठिकाणी चालते. रवा डोसा, रवा इडली नाही. सांबाराला पुन्हा हिंगाचा प्रश्न.

लग्नात, जत्रेत आमची पिशवी बरोबर असते. सासूबाईंची बहीण दरवेळी म्हणते, "काय खाऊलालीस गं, आमचं जेवण गोड लागेना काय?" आता लेकच हसून उत्तर देते. ती यंदा बेळगावात कॉलेजला आहे, खोली करून राहते. दर रविवारी आम्ही कडक भाकरी करून देतो: घरघंटीचं ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, वर तीळ दाबायचे. अगदी पातळ थापून आधी नेहमीसारखी भाजायची, मग मंद विस्तवावर उलथण्यानं दाबत दाबत ओल जाईपर्यंत शेकायची. मधोमध वाकवली तर कडकन मोडली पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते आणि मऊ पडते. आठवडाभर टिकते, शेंगाचटणी आणि दही असलं की पोरीचं भागतं.