हिरडी सुजली, ठणकतेय? घासणं सोडू नका

हिरडीतून रक्त आलं की बरेच जण त्या बाजूने ब्रश फिरवणंच सोडतात, आणि दुखणं तिथेच वाढतं. दात नि हिरडी यांच्या सांध्यावरचा चिकट पांढरट थर, म्हणजे प्लाक, तसाच राहिला तर सूज उतरत नाही. तो कडक झाला की कीटण. ते ब्रशने निघत नाही, डेंटिस्टकडून स्केलिंगच, म्हणजे यंत्राने खरवडून सफाई, करावी लागते. स्केलिंगने दात सैल होतात, ही भीती सोडा. दात आधीच सैल झालेला असतो, कीटणाने ते झाकलेलं असतं, कीटण निघाल्यावर कळतं इतकंच.

आरशात बघा. सगळ्याच कडा लाल, फुगीर असतील तर बहुधा प्लाक. दोनच दातांमध्ये ठणका असेल तर मटणाचा धागा किंवा लाहीचं टरफल अडकलंय का पाहा आणि फ्लॉसने, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्याने, हळूच काढा. टाचणी, आगपेटीची काडी घालू नका. अगदी मागे, तोंड उघडताना दुखतंय? बहुधा अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीखाली अन्न कुजत असतं. एकाच दाताजवळ पुवाचा फोड असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरपा टेकवा, जागच्या जागी थरथरवा, मग कडेपासून दाताच्या टोकाकडे ओढा. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. सुरुवातीला रक्त येईल. साधी सूज असेल तर आठ-पंधरा दिवसांत ते कमी होतं. नाही झालं तर डेंटिस्ट गाठा.

जोडीला पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर चुळा भरा. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश असेल तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. मात्र पेस्टनंतर अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो. दोन आठवड्यांवर वापरलंत तर दात तपकिरी दिसू लागतात. नुसतं लवंगतेल किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, भाजून पांढरा चट्टा पडतो. मिश्रीने बरं वाटतं म्हणतात. ती भाजलेली तंबाखूच. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही नकोत, त्यांनी कीटण जात नाही.

सफाई नीट असूनही सूज हटत नसेल तर साखर तपासा. अ‍ॅम्लोडिपिन, फेनिटॉइन या (अनुक्रमे रक्तदाबाच्या आणि फिट्सच्या) गोळ्यांनीही काहींच्या हिरड्या वाढतात. डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हाही स्केलिंग करता येतं.

ताप, जबड्याखाली किंवा गळ्यावर सूज, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास अडतोय, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटलात जा.