कृत्रिम कानाचं अमेरिकन बिल कसं कोड करायचं
पुण्यात बसून अमेरिकेची बिलं करताय ना, मग चेहऱ्याच्या प्रोस्थेसिसची, म्हणजे कृत्रिम कान-नाकाची, फाइल आली की आधी बघा की ती प्रोस्थेसिस बनवली कोणी, कारण सगळं तिथेच ठरतं. डॉक्टरनेच माप घेऊन स्वतः डिझाइन करून बनवलीय तर सीपीटी (डॉक्टरांच्या कामाचे अमेरिकन कोड), म्हणजे कानाला २१०८६ आणि नाकाला २१०८७. डॉक्टर नसलेल्या कारागिराने, म्हणजे अ‍ॅनाप्लास्टॉलॉजिस्टने दिली असेल तर एल कोड (कृत्रिम अवयवांसारख्या वस्तूंचे कोड), कान एल८०४५, नाक एल८०४०. सीपीटी आणि एल कोड दोन्ही एकत्र लावू नका!! कानाच्या कोडला एलटी (डावा) किंवा आरटी (उजवा) हा मॉडिफायर, म्हणजे कोडमागे लावायची दोन अक्षरं, विसरू नका. बदली कान असेल तर नवं माप घेतलं की केएम मॉडिफायर, जुन्याच मास्टर मॉडेलवरून (मूळ नमुन्यावरून) केला की केएन, आणि नोटमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर अंदाजाने टाकू नका, डॉक्टरला विचाराच, पलीकडे कान गमावलेला माणूस मंजुरीची वाट बघत असतो.