चेकवर इंग्रजीत रक्कम लिहिताना

चार लाख सात हजारांसारखी मधे शून्य असलेली रक्कम इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हटली की पेन हमखास अडतं. आधी स्वल्पविराम द्या, निम्मं काम तिथेच होतं.

१. रक्कम कच्च्या कागदावर लिहा. उजवीकडून तीन अंक सोडून पहिला स्वल्पविराम, पुढे दोन-दोन अंकांवर. ४०७३४० चं झालं ४,०७,३४०.

२. उजवीकडून पहिला स्वल्पविराम म्हणजे थाउजंड, दुसरा लाख, तिसरा क्रोर. आता डावीकडून वाचत जा: फोर लाख सेव्हन थाउजंड थ्री हंड्रेड अँड फॉर्टी ओन्ली. ०७ मधलं शून्य वाचायचं नाही. आकडा कितीही मोठा असला तरी हंड्रेड, थाउजंडला शेवटी 'एस' लावू नका.

३. स्पेलिंग: फोर, फोर्टीनमध्ये 'यू' आहे, फॉर्टीत नाही. नाइन्टीत 'ई' राहतो. एटीन आणि एटीत 'टी' एकच. ट्वेंटी-वन ते नाइन्टी-नाइन मधे छोटी आडवी रेघ. राहिली म्हणून चेक परत येत नाही.

'ओन्ली'नंतर उरलेल्या जागेत रेघ मारा. स्पेलिंगची फारच धास्ती असेल तर सरळ मराठीत लिहा, चालतं.

मात्र खाडाखोड नको. चूक झाली तर तो चेक रद्द करून दुसरा फाडा. अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर चेकबाबतच्या १८८१ च्या कायद्यानुसार अक्षरांतली रक्कम धरतात खरी, पण बँक बहुधा चेक परतच पाठवते.