गोकर्णाचं बी उगवत नसेल तर हे वाचा

आमच्या इंदूरला नर्सरीत अपराजिता (गोकर्णाचंच दुसरं नाव) म्हटलं की रोप लगेच मिळतं, पण गोकर्ण बियांपासूनच लावा, कुणाच्याही कुंपणावर शेंगा लटकलेल्या असतात. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले की पेरा. ऊन भरपूर आणि चढायला दोरी, बास.

खरी अडचण बी उगवण्याची. "रात्रभर भिजवा आणि पेरा" असं जो तो सांगतो, मी पण दोन वर्षं तेच केलं, वीस बिया टाकल्या की तीन-चार उगवायच्या आणि बाकीच्या महिन्याभराने उकरल्या तर तशाच टणक! सालच इतकी कडक की पाणी आत शिरतच नाही. म्हणून आधी पॉलिश पेपरवर घासायचं. बियाला एका कडेला बारीकसा डोळा असतो, तो भाग चिमटीत धरा आणि उलटी बाजू घासा, आतला फिकट रंग जरासा दिसला की थांबा, जास्त घासलं तर दाणाच दुखावतो आणि कुजतो. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरा, न फुगलेल्या परत घासा, फेकू नका.

आणि माळव्याची काळी माती नुसती कुंडीत भरू नका, पावसात चिखल होऊन बी सडतं. अर्धी वाळू आणि शेणखत मिसळा. जिथे वाढवायची तिथेच पेरा, सोटमूळ असतं, उपटून लावलेली वेल रुसते. युरिया तर अजिबात नको, ही शेंगवर्गातली, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, वरून दिला तर नुसती पानं येतात.

साधारण दोन महिन्यांत फुलं. चहासाठी पाच-सहा निळी फुलं, देठाकडचा हिरवा भाग काढून उकळत्या पाण्यात टाका, लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. पण बी आणि मूळ घरच्या घरी औषध म्हणून घेऊ नका, दोन्ही रेचक आहेत, जुलाब होतात. गरोदर बाईला तर नकोच. शंखपुष्पी म्हणजे हीच, असं केरळात मानतात, आपल्याकडे मात्र त्या नावाने जमिनीवर पसरणारी वेगळीच वनस्पती वापरतात, त्यामुळे नावावर जाऊन काही घेऊ नका, वैद्यांना वेल दाखवून विचारा.

शेंगा तपकिरी झाल्या की लगेच तोडा, एक-दोन दिवस उशीर झाला तर कडकन फुटून पिळ पडतो आणि बिया शेजारच्या गच्चीवर.