रॉट आयर्न म्हंजे कुजकं लोखंड काय ओ, सर?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेट-ग्रिलचं वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं बोर्ड रंगवायला टाकायच्या आधी फोन करून हे विचारलं. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण वर्गात असा प्रश्न कधी आला नव्हता.

अशा वेळी कानावर विसंबू नका. कुजण्याचा रॉट वेगळा. ह्याचं स्पेलिंग कागदावर मांडा: डब्ल्यू, आर, ओ, यू, जी, एच, टी. शेजारी तसाच शेवट असलेली भावंडं बसवा: ब्रिंगचं ब्रॉट, थिंकचं थॉट, सीकचं सॉट. सगळी भूतकाळी रूपं. सीककडं नीट बघा. त्यातला 'क' पुढच्या 'त'मुळं घासत घासत 'ह' झाला. जीएच ही त्याचीच खूण. मग आपल्या शब्दाच्या पोटातही 'क' असणार. व, र, क... वर्क!

हा नुसता अंदाज. पुराव्यासाठी बॉसवर्थ-टोलरचा जुन्या इंग्रजीचा कोश उघडा, इंटरनेटवर फुकट आहे. तिथं वर्कच्या पूर्वजाचं भूतकाळी रूप सापडतं, 'वोर्हते'. पुढं त्यातल्या 'र'नं 'ओ'च्या अलीकडं उडी मारली. ह्याला वर्णविपर्यय म्हणायचं. हिंदीवाले 'डूबते' हैं, आपण बुडतो, त्यातलाच प्रकार. इंग्रजी बर्डसुद्धा पूर्वी 'ब्रिड' होता.

एक खड्डा सांभाळा. 'रॉट हॅवॉक', म्हणजे हाहाकार माजवला, हे बघून हे रीकचं (माजवणं) रूप वाटतं. मीही कित्येक वर्षं तसंच शिकवलं, आता कुणाकुणाला गाठून सांगू? तेही वर्कचंच.

मग रूप जुन्या मजकुरात वापरून बघा. 24 मे 1844 ला मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार केली, तिच्यात 1611 च्या बायबलातलं वाक्य होतं: 'व्हॉट हॅथ गॉड रॉट', देवानं हे काय 'रॉट' केलं. तिथं 'घडवलं' हाच अर्थ बसतो. कुजवलं म्हणून बघा बरं!

तर फौंड्रीत ओततात ते कास्ट, आणि घणाखाली ठोकून घडवतात ते रॉट. वर्कच्याच मुळापासून 'राइट' (डब्ल्यूनं सुरू होणारा), म्हणजे कारागीर. विमानवाल्या राइट बंधूंचं आडनाव तेच, आणि त्यांचंही सायकलींचं दुकान होतं.

हे सगळं ऐकून पोरगा म्हणाला, "सर, पण आमचा माल एमएसचा, म्हंजे माइल्ड स्टीलचा हाय. घणाखाली कोण घडवतंय आता?"

बोर्डावर शेवटी 'रॉड आयर्न' लागलं. गिऱ्हाईक तसंच म्हणतंय म्हणे.